‘उंबऱ्याबाहेरचा तपास’ कुणाकुणाला आवडली?

ही गोष्ट खरी आहे.

असं सगळेच म्हणतात, मला माहीत आहे. भुताखेतांच्या या पेजवरच्या निम्म्या गोष्टी वाचताना मलाही हसू येतं. तेव्हा तुम्हीही खुशाल हसा.

फक्त एक सांगते. यात अमावस्या नाही, पिंपळ नाही, स्मशान नाही. जे घडलं ते भर दुपारी, उजेडात घडलं. गेल्या उन्हाळ्यापासून. काही बेळगावात, टिळकवाडीतल्या माझ्या फ्लॅटमध्ये, आणि काही निपाणीत, माझ्या आईच्या घरी.

मी सुविधा. पी.यू. कॉलेजात, म्हणजे अकरावी-बारावीला, केमिस्ट्री शिकवते. आमचं घर बौद्ध. आमच्याकडे अंगारा-उतारा नाही, दाराला कोहळा बांधलेला नाही. आईनं तंबाखूच्या वखारीत राबून आम्हा दोघी बहिणींना शिकवलं, ते असल्या गोष्टींवर विश्वास ठेवायला नव्हे. त्यामुळे हे लिहिताना मला लाज वाटते आहे.

पण लिहिल्याशिवाय इलाज नाही. का, ते शेवटी कळेल.

आणि हो, स्वभावानं मी संशयी आहे. पेपर तपासून तपासून तशी झाले आहे. पोरगं कॉपी करतंय की खरंच लिहितंय, ते मला त्याच्या मानेवरून कळतं.

आमचा एक वाचक कट्टा आहे. रविवारी दुपारी अक्काताईंच्या बंगल्यावर जमतो. अक्काताई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, अजूनही सगळ्यांना बाकावर उभं करतील अशा. आमची पद्धत अशी की पुस्तकाची प्रत एकच घ्यायची. ती घरोघर फिरते, सगळ्यांचं वाचून झालं की मग भांडायचं.

ही कादंबरी आणली नागेंद्र वकिलानं. जुन्या पुस्तकवाल्याच्या ढिगातून. नाव ‘उंबऱ्याबाहेरचा तपास’. मुखपृष्ठ फाटलेलं, लेखकाचं नाव कुठेच नाही. कथा एका डिटेक्टिव्हची. सगळे त्याला नुसतं ‘तपासनीस’ म्हणतात. सीमाभागातल्या गावांमध्ये माणसं एकेक करून पांढरी पडून मरतात आणि हा त्याचा तपास करत हिंडतो. गंमत अशी की तो स्वतःच व्हॅम्पायर. रक्त पिणारा. आणि घरातल्यांनी ‘या’ म्हटल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडता येत नाही.

कल्पना बरी होती. पुस्तक मात्र भिकार.

निदान मला तरी तसंच वाटलं.

त्या रविवारी अक्काताईंनी चहा दिला आणि नागेंद्रनं सुरुवात केली.

“मीच आणलं म्हणून मीच शिव्या खातो. दोनशे पानं तो गडी दारात उभा! आत येऊ का, आत येऊ का. अरे, तपास करायलायस की भिक्षा मागायलायस?”

“मी निम्म्यातच ठेवलं,” अक्काताई म्हणाल्या. “काही घडतच नाही हो त्यात.”

मीही माझं मत दिलं. शंभरात पस्तीस, तेही ग्रेस धरून.

तेवढ्यात परशराम अण्णा उसळले. अण्णा बँकेत क्लार्क होते, आता रिटायर. गाव नंदगड. महिन्यातले पंधरा दिवस शेतावर, पंधरा दिवस इथे. पुस्तक शेवटी त्यांच्याकडे होतं, नंदगडला.

“काय बोलायलाय ओ तुमी?” अण्णा म्हणाले. “दारात कुठं? आत येतोय की तो!”

“कधी?”

“आत येतोय. चपला काढतोय. खुर्चीवर बसतोय. आणि मग घरातल्या एकेकाला इचारत सुटतोय. काय ते प्रश्न! मानसाच्या पोटातलं काढून घेतोय. लई भारी लिव्हलंय. मी जेवान सोडून बसलतो वाचत. अजून शेवटाला न्हाय पोचलो, पर भारी हाय.”

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. माझ्या मनात पहिला संशय आला तो साधा होता. अण्णांनी पुस्तक वाचलेलंच नाही.

“कुठल्या पानावर, अण्णा?”

त्यांनी पिशवीतून पुस्तक काढलं, झटकन पान उघडलं आणि मोठ्यानं वाचायला लागले. तपासनीस आत येतो. म्हातारी त्याला पाणी देते. तो पाण्याला हात लावत नाही. म्हणतो, ‘तहान आहे, पण पाण्याची नाही.’ अण्णा न अडखळता वाचत होते. बोट ओळीवरून फिरत होतं.

नागेंद्र त्यांच्या मागे जाऊन उभा राहिला. वाकून पाहिलं.

“चष्मा बदला, अण्णा. हे काय न्हाय इथं.”

मी पुस्तक हातात घेतलं. तेच पान.

‘त्याने पुन्हा दारावर बोट वाजवले. आतून आवाज आला, कोण? तो काही बोलला नाही.’

एवढंच. खाली पुन्हा तेच. दार, बोट, कोण.

सगळे हसले. अण्णा पदरचं घालून सांगत असतील, असंच आम्हाला वाटलं. पण मला एक गोष्ट खटकली. हा माणूस बँकेचा साधा अर्ज लिहायचा तर नागेंद्रला विचारतो. तो असलं वाक्य तिथल्या तिथे रचेल?

आणि दुसरी गोष्ट…

पुस्तकावर ठेवलेल्या त्यांच्या बोटांची नखं खडूसारखी पांढरी होती.

 तेव्हाच काही बोलायला हवं होतं की नाही, ते आजही कळत नाही.

आता माझ्या धाकट्या बहिणीबद्दल सांगते. उपासना. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिला दिवस गेले होते. आधीची दोन बाळं पोटातच गेलेली. त्यामुळे या खेपेला सगळं घर श्वास रोखून होतं. सातव्यातच ती निपाणीला आईकडे आली. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं होतं. पडून राहून माणूस काय करणार? वाचणार. ती आमच्या कट्ट्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर होतीच. तिथलं आमचं भांडण वाचून तिनं फोन केला.

“ताई, मला पाहिजे ते पुस्तक. अण्णा खोटं बोलतात की तुम्ही तिघं, ते मी ठरवते.”

मी अण्णांकडून पुस्तक मागून घेतलं आणि निपाणीला गेले.

आमचं घर बैठं आहे. दिवसभर दार सताड उघडं, दाराला नुसता पडदा. कुणीही आलं, दूधवाला, गॅसवाला, वर्गणीवाला, की आई स्वयंपाकघरातूनच ओरडते, “या की! आत या!” कोण आहे हे बघत नाही, विचारत नाही. मी कितीदा कातावले आहे त्यावरून. माझ्या फ्लॅटला लोखंडी जाळीचं दार आहे, आणि बेल वाजली की मी आधी ‘कोण?’ विचारते.

आईचं उत्तर ठरलेलं. “दारात आलेल्याला कोन म्हून इचारावं व्हय गं? आम्हाला आयुष्यभर लोकांनी दारातच इचारलं. आदी आत घ्याचं, मग इचाराचं.”



त्या दुपारी जेवणं झाली. उपासना कॉटवर पुस्तक उघडून पडली होती. मी खाली चटईवर. आई आत भांडी घासत होती.

दार वाजलं.

कडी नाही. बोटाच्या पेरानं चौकटीवर… टक्. टक्.

“या की!” आई आतून ओरडली. “आत या!”

मी पडल्या पडल्या पडद्याकडे पाहत होते. कोण येतंय म्हणून.

पडदा हलला नाही.

पण… चपला काढल्याचा आवाज आला. आधी एक, मग दुसरी. नीट, जोडीनं ठेवल्यासारखा.

मग आमची वेताची खुर्ची करकरली. कुणी जड माणूस सावकाश बसावा तशी.

मी ताडकन उठले. खुर्ची रिकामी. पडदा बाजूला करून बाहेर पाहिलं. उंबऱ्याबाहेर माझ्या चपला, आईच्या चपला. तिसरा जोड नाही. गल्लीत उन्हाशिवाय कुणी नाही.

आई हात पुसत तांब्याभांडं घेऊन आली. “कोन आलतं गं?”

“कोणी नाही.”

“आँ? आवाज आलता की.” तिनं भांडं खुर्चीशेजारच्या स्टुलावर ठेवलं आणि आत गेली.

उपासनानं मान वर केली नव्हती. ती वाचत होती. आणि तिच्या चेहऱ्यावर हसू होतं.

दोन-तीन दिवसांनी तिचा फोन आला. आवाज नुसता उत्साहानं फसफसत होता.

“ताई, तू ही कादंबरी वाचलीच नाहीस! अगं, कसला लिहितो हा माणूस! तो त्या घरात येऊन बसतो ना, ते घर तर निपाणीचंच वाटतं.”

“कुठलं घर?”

“ज्यात ती पोटुशी बाई असते. तो तिला विचारतो, बाळाचं नाव काय ठेवणार? ती सांगत नाही. तो म्हणतो, सांग, मला थांबायला वेळ आहे.”



त्या कादंबरीत पोटुशी बाई नव्हती. मी सगळी वाचली होती. शिव्या देत का होईना, शेवटच्या पानापर्यंत वाचली होती.

“मला त्या पानाचा फोटो पाठव,” मी म्हटलं.

तिनं पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘बघ! वाच आता!’

फोटोत तेच. दार. बोट. कोण?

मी तिला तसं कळवलं नाही. सातव्या महिन्यातल्या बाईला काय कळवणार, की तुला जे दिसतंय ते तिथे नाही?

पुढच्या तपासणीत तिचं हिमोग्लोबिन घसरलेलं निघालं. गोळ्या वाढवल्या. ते अजून घसरलं. मग सलाईनमधून लोहाचं औषध दिलं. तरी घसरलं. डॉक्टरीण बाई चांगल्या होत्या, तरी त्यांच्याही कपाळावर आठ्या आल्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “कुठे रक्तस्राव नाही, काही नाही. रक्त जातंय कुठे तेच समजत नाही. असंच राहिलं तर बाळाचंही आणि तिचंही अवघड आहे.”

उपासना पडून होती. ओठ पांढरे. उशाशी पुस्तक.

आई म्हणाली, “दिवसभर वाचती आनि कुनाशीतरी बोलल्यागत पुटपुटती. आनि सुविधा… मी रोज ते भांडं भरून ठेवती, रोज तसंच आसतंय. म्हनून बघितलं मी. खुर्चीचा वेत खाली दबलाय गं. आमच्यात कोन एवढं जड हाय?”

आई अडाणी नाही. चौथीपर्यंत शिकली आहे आणि कुणाच्या बापाला घाबरत नाही. पण तिच्या आवाजात मी पहिल्यांदा भीती ऐकली.

त्यानंतरच्या रविवारी मी कट्ट्यावर गेले ती मुद्दाम. परशराम अण्णा बऱ्याच दिवसांनी आले होते. मधे ते दवाखान्यात होते म्हणे. नंदगडहून थेट बेळगावात आणून रक्त चढवावं लागलं. आता मात्र गडी टुणटुणीत. तिसरं भजं उचलत होते.

“बरे झालात की, अण्णा.”

“व्हय. एकदम उतार पडला बघा. डाक्टरलाच कळंना.”

“कधीपासून?”

त्यांनी आठवून सांगितलं. तो तोच आठवडा होता. पुस्तक त्यांच्याकडून माझ्याकडे आलं आणि मी ते निपाणीला नेलं, तो.

मी चहाचा कप खाली ठेवला.

“अण्णा, ती कादंबरी…”

“कसली कादंबरी ती!” अण्णांनी तोंड वाकडं केलं. “सगळी पानं दारातच हुबा हाय तो. झोप येती वाचताना.”

नागेंद्र हसून हसून लाल झाला. “आता कसे आमच्या पार्टीत आलात! मागल्या खेपेला तर चपला काढायला लावलतासा त्याला!”

“मी? कवा?”

अण्णा थट्टा करत नव्हते. पेपरात खोटं बोलणारं पोर मी ओळखते. हा माणूस खरं बोलत होता. त्याला आठवतच नव्हतं.

मग मी एकेकाला विचारलं. तपासच म्हणा. पुस्तक तुमच्या घरी असताना दुपारी दार वाजलं होतं का?

अक्काताई आधी बोलल्या. “वाजलं होतं. मुलानं गेटला कॅमेरा बसवलाय ना, मी मोबाईलवर पाहिलं. कुणीच नव्हतं. मग उघडलंच नाही.”

नागेंद्रचं हसू कमी झालं. “आमच्याकडं बी वाजलतं. बायको ‘कोण?’ म्हणून ओरडली. जबाब न्हाय.”

माझ्याकडेही वाजलं होतं. मला तेव्हाच आठवलं. मीही ‘कोण?’ विचारलं होतं, आणि उत्तर आलं नव्हतं.

“आणि तुमच्याकडे, अण्णा?”

“वाजलतं की. आमची कारभारीण मागच्या परड्यात व्हती. तिकडनंच म्हनली, या की आत, बसा.” अण्णांच्या हातातलं भजं तसंच राहिलं. “चपला काढल्याचा आवाज आलता. पर कोन न्हवतं.”

 

ज्यांनी ‘कोण’ विचारलं, किंवा दारच उघडलं नाही, त्यांना कादंबरी आवडली नव्हती. त्यांच्या पुस्तकात तो दारातच होता.

“जाळून टाक ते,” नागेंद्र हलक्या आवाजात म्हणाला.

मलाही आधी तेच वाटलं होतं. पण जाळलं आणि तो आतच अडकला तर? आईच्या घरात, माझ्या बहिणीजवळ, कायमचा? वकील सल्ला देऊन मोकळा होतो. बहीण माझी होती. आणि अण्णा सुटले होते ते दुसऱ्या घरानं त्याला ‘या’ म्हटल्यावरच.

मी तिथूनच निपाणीची बस धरली.

उपासना पुस्तक देईना. भांडली, रडली. “थोडंच राहिलंय ताई, शेवट राहिलाय फक्त.” मी तिच्या हातातून ते ओढून घेतलं. आईनं विचारलं, “काय करणार हाईस?” मी म्हटलं, “परत द्यायचंय.”

 आईला माझं खोटं कळतं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. फ्लॅटचं लाकडी दार उघडं ठेवलं. जाळीचं दारही. हॉलमध्ये एकच खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवली आणि पुस्तक मांडीवर घेऊन सोफ्यावर बसले.

मला कुणी शूर म्हणू नका. दोनदा मी दार लावायला उठले होते.

जिन्यात ऊन पडलं होतं. खालच्या मजल्यावरचा टीव्ही चालू होता. मग तो बंद झाला. रस्त्यावरच्या भाजीवाल्याची हाक अर्ध्यात तुटली…

टक्. टक्.

दार तर उघडं होतं. मला चौकट दिसत होती. चौकटीत कुणी नव्हतं.

“या,” मी म्हटलं. मग जरा मोठ्यानं पुन्हा म्हटलं. “आत या. इथेच या. निपाणीला नको.”



मग… एक चप्पल. दुसरी चप्पल.

आणि समोरची खुर्ची करकरली.

मी पुस्तक उघडलं. आणि काय सांगू… कादंबरी अप्रतिम होती.

हसू नका. आजवर इतकं चांगलं मी काही वाचलेलं नाही. तपासनीस एका फ्लॅटमध्ये बसतो. समोर एक एकटी बाई. तो तिला विचारतो, तू लग्न का केलं नाहीस, तुला शाळेत पाण्याच्या माठापासून लांब कोण उभं करायचं, तू रात्री दिवा लावून का झोपतेस. तो घाई करत नाही. उत्तर येईपर्यंत थांबतो. मला आयुष्यात कुणी इतकं नीट विचारलं नव्हतं. खरं सांगते, मला बरं वाटायचं. कॉलेजमधून मी धावत घरी यायचे.

तिकडे उपासना सुधारत गेली. रक्त वाढलं. गालावर रंग आला. डॉक्टरीण बाईंनी गोळ्यांना श्रेय दिलं. दिवस भरले आणि मुलगी झाली. चांगली गुटगुटीत, आवाज तर असा की गल्ली गोळा व्हावी. तिला हातात घेतल्यावर मी रडले. जे वाचवायचं होतं ते वाचलं होतं.

उपासनाला मी सहज विचारलं, “ती कादंबरी आठवते?”

“ती होय? बोअर गं. दारातच तर उभा असतो शेवटपर्यंत.”

मी हसले. माझी नखं मी मुठीत लपवली.

पुढच्या महिन्यात मी वर्गात फळ्यापाशीच कोसळले. बारशानंतर बाळबाळंतीण पुण्याला, उपासनाच्या सासरी गेल्या होत्या. तेव्हा आई माझ्याकडे राहायला आली. मी तिला किती नको म्हटलं. ती पिशवी घेऊन दारात उभी.

पुस्तक मी कपाटात कुलूप लावून ठेवलं. बेल बंद केली. आईला बजावलं, दार वाजलं तर बोलायचं नाही. ती ‘बरं’ म्हणाली.

आई इतक्या सहज बरं म्हणत नाही. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. पण डोकं चालतच नव्हतं.

एक दिवस दुपारी मला जाग आली, आणि मला भूक लागली होती.

कित्येक आठवड्यांनी. सडकून भूक. मी स्वयंपाकघरात उभ्यानंच दोन भाकऱ्या खाल्ल्या, ठेच्याबरोबर. अंगात जीव आला होता. मग एकदम काहीतरी आठवून मी कपाट उघडलं आणि पुस्तक काढलं.

‘त्याने पुन्हा दारावर बोट वाजवले.’

पान उलटलं. दार. बोट. कोण?

सगळी कादंबरी पुन्हा भिकार झाली होती.

मी हॉलमध्ये धावले. आई सोफ्यावर झोपली होती. जन्मात दिवसा न झोपलेली बाई. समोर ती खुर्ची. स्टुलावर पाण्याचं भरलेलं भांडं.

“आई! दार वाजलं होतं?”

तिनं डोळे उघडले. “न्हाय गं. कशाला वाजंल? तो आतच हुता की.”

“मग काय केलंस तू?”

“काय करायचं? त्याच्या फुड्यात बसली आनि म्हनलं, बाबा, पोरगीला सोड. माज्याकडं ये. म्हातारीजवळ सांगन्यागत लई हाय.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “ती लेकुरवाळी, तू नोकरीवाली. माजं आता काय आडलंय?”

मी तिच्यावर ओरडले. रडले. त्या खुर्चीसमोर बसून म्हटलं, परत या, माझ्याकडे या, आईला सोडा. रोज म्हणते. कुणी उत्तर देत नाही. खुर्ची माझ्यासाठी करकरत नाही. आई निपाणीला जायला तयार नाही आणि रक्त तपासायलाही येत नाही. म्हणते, “बरी हाय मी. लई दिसांनी कुनीतरी वखारीतलं सगळं इचारलं मला.”

तिचे ओठ पांढरे पडत चालले आहेत.

परवा ती म्हणाली, “ते पुस्तक वाचून दाखीव की जरा. माजं डोळं न्हाईत चालत.”

मी वाचायला लागले. मुद्दाम सावकाश, एकेक शब्द. “त्याने पुन्हा दारावर बोट वाजवले. आतून आवाज आला, कोण?…”

आईनं डोळे मिटूनच मान हलवली.

“न्हाय गं. चुकीचं वाचतीस तू. दारात कुठं हाय तो? तुज्या शेजारी तर बसलाय.”

मी शेजारी पाहिलं नाही.

म्हणून हे सगळं इथे लिहिते आहे. अण्णा, उपासना, मी… आमच्यापैकी कुणीच त्या दुसऱ्या, तो आत येऊन बसतो त्या कादंबरीच्या शेवटापर्यंत पोचलं नाही. तुमच्यापैकी कुणाच्या हाती हे पुस्तक कधी पडलं असेल, आणि तुम्हाला ते मनापासून आवडलं असेल, तर मला एवढंच सांगा.

शेवटी तो उठून जातो का?